नवी चेन टाकूनही पुन्हा उडते? आधी छोट्या स्प्रॉकेटचे दाते मोजा

तक्रार साधारण अशी असते. कन्व्हेयर, एलिव्हेटर किंवा मिक्सरची चेन लोड आला की दात्यावरून उडते. नवी टाकली की काही आठवडे गप्प चालते. मग पुन्हा खाड-खाड आवाज, पुन्हा उडी, आणि एक दिवस ऐन कामात तुटते. दुकानात जाऊन 'जरा भारीतली द्या' म्हणून आणखी महाग चेन आणली जाते, आणि तिचीही तीच गत होते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या छोट्या शेडमध्ये, उद्यमनगरच्या गल्ल्यांत आणि करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळांवर ही तक्रार सारखी ऐकू येते. माझं ठाम मत आहे की यातल्या बऱ्याच ठिकाणी चेन निर्दोष असते. चुकलेलं असतं ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दात्यांचं चाक.

एका गुऱ्हाळाचं उदाहरण घेऊन सगळा हिशेब मांडतो. तुमच्या मशीनचे आकडे त्यात घातले की तुमचंही उत्तर निघेल.

घाण्यातून पडणारं ओलं चिपाड बाहेर वाळवणीच्या जागेकडे टाकायला छोटा कन्व्हेयर आहे. मोटार २ एचपी, १४४० आरपीएम. तिला ४० ला १ असा वर्म गिअरबॉक्स, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट ३६ आरपीएमने फिरतो. त्या शाफ्टवर ११ दात्यांचं स्प्रॉकेट, कन्व्हेयरच्या शाफ्टवर २२ दात्यांचं. मध्ये पाच सुती सिंगल चेन, म्हणजे ५/८ इंच पिचची, नंबर १० बी. (पिच म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर.) मालकांचं म्हणणं एकच, "मिस्त्री, आता चेनच पयल्यासारखी येत न्हाई बघा. आधी हंगामच्या हंगाम काढायची."

आधी हंगाम निघायचा हे खरं होतं. पण तेव्हा मोटार १ एचपीची होती. ओलं चिपाड अडकून मोटार बसते म्हणून मागे कधी तरी २ एचपीची चढवली आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. अशी चेन सारखी तुटत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: चेन टिकत होती तेव्हापासून आजपर्यंत मशीनमध्ये काय बदललं? मोटार, गिअरबॉक्सचं प्रमाण, कन्व्हेयरची लांबी, त्यावर पडणारा माल, काहीही.

तुटलेली चेन फेकू नका

ती आधी वाचा. प्लेट तुटली असेल आणि पिनचं भोक लांबट, ओढल्यासारखं झालं असेल, तर एकदम मोठा झटका बसला आहे, काही तरी अडकलं होतं. भोक गोलच आहे पण प्लेट भोकाशेजारी आडवी सरळ चिरली असेल, तर लोखंड रोजच्या जादा ओढीने हळूहळू थकून तुटलं आहे. असल्या चेनला मालक 'अचानक तुटली' म्हणतात, पण तिची चीर बरेच दिवस वाढत असते.

रोलर फुटलेले दिसले तर दात्यांच्या बुडात काही साचलं आहे का बघा. गुऱ्हाळावर चिपाडाचा भुसा आणि रस मिळून दात्यांच्या खाचेत दगडासारखा थर बसतो. रोलर मग तळाशी टेकत नाही, थरावर चढून बसतो आणि चेन आतून ताणली जाते. फौंड्रीत हेच काम वाळू करते. आतल्या प्लेटा एका बाजूने घासून चमकत असतील आणि दात्यांचीही तीच बाजू खाल्लेली असेल, तर दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत. आणि लिंक खोलल्यावर पिनवर लालसर तपकिरी पूड निघाली, तर वरून कितीही ग्रीस थापलेलं असू दे, पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, यांच्या मधे तेल पोचलेलंच नाही.

चेन किती ताणली आहे ते डोळ्याने ठरवू नका, पट्टीने मोजा. चेन ओढून सरळ धरायची आणि ठरावीक लिंकांची लांबी घ्यायची. अर्धा इंची चेनच्या २४, पाऊण इंचीच्या १६ आणि एक इंचीच्या १२ लिंका नव्या असताना बरोबर १२ इंच म्हणजे ३०४.८ मि.मी. भरतात. पाच सुतीच्या २० लिंका ३१७.५ मि.मी. भरतात. २ टक्के वाढ झाली की चेन बदलायची वेळ आली असं समजा, आणि ३ टक्क्यांच्या पुढे ती एक दिवसही वापरू नका. १२ इंचांत २ टक्के म्हणजे फक्त ६ मि.मी. चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण प्लेटा सहसा ताणलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश थोडे थोडे झिजतात, आणि ती झीज मिळून लांबी वाढते. लांबी वाढली की रोलर दात्याच्या टोकाकडे चढतो, आणि तिथून उडी मारतो.

या गुऱ्हाळावरच्या चेनच्या २० लिंका ३२९ मि.मी. भरल्या. म्हणजे साडेतीन टक्क्यांहून जास्त, तेही एका हंगामाच्या आत. एवढ्या लवकर पिना का झिजल्या, ते शोधायचं होतं.

ओढ किती पडते ते काढा

इथे एक छोटा हिशेब करावाच लागतो. शाफ्टवरचा पिळ (टॉर्क) किलोग्रॅम-मीटरमध्ये हवा असेल तर ७१६ ला एचपीने गुणायचं आणि त्या शाफ्टच्या आरपीएमने भागायचं. २ एचपी आणि ३६ आरपीएमला ३९.८ येतात. ४० ला १ चा वर्म गिअरबॉक्स साधारण ३० टक्के ताकद उष्णतेत घालवतो असं धरलं तर शाफ्टवर जवळपास २७.९ किलोग्रॅम-मीटर उरतात.

आता स्प्रॉकेटचा पिच व्यास, म्हणजे चेनच्या पिना ज्या वर्तुळावरून फिरतात त्याचा व्यास. चेनच्या पिचला, १८० भागिले दात्यांची संख्या एवढ्या अंशाच्या साइनने भागायचं. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आडवा केला की साइनचं बटण दिसतं. १० बीचा पिच १५.८७५ मि.मी., दाते ११, म्हणून व्यास ५६.३५ मि.मी. येतो. त्रिज्या २८.२ मि.मी. पिळाला त्रिज्येने भागलं की चेनवरची ओढ मिळते: सुमारे ९९० किलो.

१० बी सिंगल चेनची प्रमाणित किमान तुटण्याची ताकद २२.२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २,२६० किलो आहे. ओढीच्या जेमतेम २.३ पट. संथ ड्राइव्हलाही हे प्रमाण किमान ७ तरी असावं. आणि हे मोटार पूर्ण लोडवर शांतपणे चालताना झालं. चिपाड अडकून मोटार बसायच्या बेतात येते तेव्हा ती आपल्या रेटिंगच्या दुपटीहून जास्त पिळ देऊ शकते. त्या क्षणी चेन तुटण्याच्या अगदी काठावर असते. १ एचपीची मोटार होती तेव्हा ओढ निम्मी होती आणि प्रमाण ४.६ होतं. तेही कमीच, पण हंगाम निघायचा तो त्यामुळे.

बऱ्याच जणांची समजूत असते की ड्राइव्ह संथ आहे म्हणजे चेनला त्रास कमी. खरं तर संथ शाफ्टवरच चेनची कसोटी लागते. एचपी तेवढीच, वेग चाळीसपट कमी, म्हणजे ओढ त्याच प्रमाणात वाढलेली. त्यात स्प्रॉकेट लहान घेतलं की ती आणखी वाढते.

आता तुटण्याची ताकद बाजूला ठेवून झिजेकडे या, कारण रोजचं नुकसान तिथे होतं. पिन आणि बुश एकमेकांवर ज्या क्षेत्रफळाने टेकतात ते १० बीत ०.६७ चौरस सेंटिमीटर असतं. ९९० किलोला त्याने भागा, चौरस सेंटिमीटरला जवळपास १,४७५ किलो दाब. एवढ्या दाबाखाली तेलाचा थर टिकत नाही, लोखंड लोखंडावर घासतं. त्यात ११ दात्यांच्या स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना प्रत्येक सांधा ३२.७ अंशांत वळतो, कारण ३६० ला दात्यांनी भागलं की तेवढा कोन येतो. १७ दाते असते तर तोच सांधा २१.२ अंश वळला असता. दाब जास्त आणि घासण्याचं अंतरही जास्त. 'भारीतली' चेन आणली तरी हा हिशेब बदलत नाही, म्हणून तीही टिकत नाही.

छोट्या स्प्रॉकेटचा आणखी एक तोटा चावीच्या खाचेजवळ दिसतो. १० बीच्या ११ दात्यांच्या स्प्रॉकेटचा दात्यांच्या बुडाचा व्यास ४६.२ मि.मी. आहे. गिअरबॉक्सचा शाफ्ट ३५ मि.मी., त्याला १० बाय ८ ची चावी, आणि चावीची खाच स्प्रॉकेटमध्ये ३.३ मि.मी. वर जाते. खाचेच्या कोपऱ्यापासून दात्याच्या बुडापर्यंत लोखंड उरतं फक्त १.७ मि.मी. इथे तिथूनच केसाएवढी चीर गेलेली होती. शिवाय गिअरबॉक्सच्या तोंडाशी तेल गळत होतं, ऑइल सील बदलूनही. त्याचंही मूळ हेच. ९९० किलोंची ओढ त्या शाफ्टला रोज एका बाजूला वाकवते. त्यात बेअरिंग आधी ढिलं होतं, सील नंतर गळतं.

मग स्प्रॉकेट कोणतं?

पहिला विचार येतो तो फक्त दाते वाढवण्याचा. चेन तीच १० बी ठेवून ११ च्या जागी १९ दाते बसवले तर व्यास ९६.५ मि.मी. होतो, ओढ ५८० किलोंच्या आसपास उतरते, प्रमाण ३.९ होतं. सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. पिच वाढवावाच लागतो.

पाऊण इंची १२ बी घेऊन २३ दाते बसवले तर ओढ ४०० किलोंवर येते आणि २८.९ किलोन्यूटनच्या चेनला प्रमाण ७.४ मिळतं. कागदावर हे पास होतं. तरी मी ते घेतलं नाही, कारण १२ बीचं टेकण्याचं क्षेत्रफळ ०.८९ चौरस सेंटिमीटरच आहे. दाब ४५० किलोंच्या आसपास राहतो, आणि धूळ, रस, झटके असलेल्या जागी तो जास्तच. चेन तुटणार नाही, पण लवकर लांबेल आणि आपण पुन्हा त्याच दुकानाच्या दारात उभे राहू.

एक इंची १६ बी, पुढे १७ दाते आणि मागे ३४: व्यास १३८.२ मि.मी., ओढ ४०३ किलो. १६ बीची ताकद ६० किलोन्यूटन म्हणजे ६,१०० किलोंच्या वर, प्रमाण १५. टेकण्याचं क्षेत्रफळ २.१० चौरस सेंटिमीटर, म्हणून दाब १९२ किलो, आधीच्या सातव्या हिश्शाहूनही कमी. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरची वाकवणारी ओढही चारशेवर आली. मोठं स्प्रॉकेट २७५ मि.मी. पिच व्यासाचं होतं, त्यासाठी गार्ड नवीन करावा लागला. खर्च चेनच्या एका खरेदीपेक्षा नक्कीच जास्त होता. पण ऐन हंगामात, काहिलीत रस उकळत असताना आणि बाहेर उसाच्या गाड्या उभ्या असताना मशीन बंद पडलं तर किती नुकसान होतं, ते गुऱ्हाळवाल्याला सांगावं लागत नाही.

जागा नसेल तर दुसरा मार्ग डुप्लेक्स, म्हणजे शेजारी-शेजारी दोन पट्ट्यांच्या चेनचा. १२ बी डुप्लेक्स आणि १९ दाते हेही चाललं असतं. फक्त डुप्लेक्समध्ये दोन्ही स्प्रॉकेटची रेष अगदी काटेकोर लागते, नाही तर सगळा भार एकाच पट्टीवर पडतो. छोट्या शेडमधल्या, पत्र्याच्या पायावर उभ्या मशीनला मी शक्यतो सिंगलच सुचवतो.

दात्यांचा सर्वसाधारण नियम लक्षात ठेवायचा तर छोट्या स्प्रॉकेटला १७ पेक्षा कमी दाते घेऊ नका. वेग जास्त किंवा झटके जास्त असतील तर १९, २१, २३ कडे जा. छोट्या स्प्रॉकेटला विषम आणि चेनला सम लिंका असल्या की तोच दाता त्याच लिंकला पुन्हा पुन्हा भेटत नाही आणि झीज सगळीकडे वाटली जाते. मोठ्या स्प्रॉकेटचे दाते छोट्याच्या पाचपटीपर्यंत ठीक, सातपटीच्या पुढे नको. त्याहून जास्त वेग कमी करायचा असेल तर दोन टप्प्यांत करा.

मोटारच्या शाफ्टवर थेट १४४० आरपीएमला चेन लावायचा आग्रह काही जण धरतात. तिथे हिशेब उलटा होतो: पिच लहान आणि दाते जास्त हवेत. कमी दात्यांच्या स्प्रॉकेटवर चेन एकसारख्या वेगाने जात नाही, दर दात्याला तिचा वेग वरखाली होतो. ११ दात्यांना हा फरक ४ टक्के, १७ ला १.७, २५ ला ०.८. छत्तीस आरपीएमला तो कळतही नाही, १४४० ला मात्र तोच खडखडाट होऊन कानाशी येतो. मला विचाराल तर मोटारपासून गिअरबॉक्सपर्यंत व्ही-बेल्ट आणि गिअरबॉक्सपासून पुढे चेन ही आपल्याकडची जुनी पद्धतच बरोबर आहे. अडकलं तर बेल्ट थोडा घसरतो आणि पुढचं वाचतं.

जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन नको

हे वेगळं सांगायला हवं, कारण हिशेब बरोबर असलेल्या मशीनवरही चेन वारंवार जाण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण आहे. लांबलेली चेन दात्यांना स्वतःच्या लांबलेल्या पिचसारखं खाते. दाते एका बाजूला आकड्यासारखे वळतात. त्यावर नवी, बरोबर पिचची चेन टाकली की तिचे रोलर खाचेत बसत नाहीत, सगळी ओढ एक-दोन दात्यांवर येते आणि नवी चेन काही आठवड्यांत जुनीसारखी होते. दाता आकडा झालेला दिसला की दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदला. मोठ्या स्प्रॉकेटची झीज दोन्ही बाजूंनी सारखी नसेल आणि मशीन एकाच दिशेने चालत असेल तर ते काढून उलटं बसवून थोडे दिवस काढता येतात. छोट्याच्या बाबतीत तसला मोह टाळा.

एमएस प्लेट गॅसने कापून त्यावर दाते काढलेली स्प्रॉकेट स्वस्त मिळतात. मागच्या मोठ्या स्प्रॉकेटला, संथ वेगाला ती निभावतात. पुढचं छोटं मात्र ईएन ८ सारख्या पोलादाचं, हॉबिंगने कापलेलं आणि दाते इंडक्शनने कडक केलेलं घ्या. मोठं एकदा फिरतं तेवढ्यात छोट्याचा प्रत्येक दाता दोन-तीनदा चेनला भिडतो, तो आधी झिजणार हे उघड आहे. मोटारसायकलचं स्प्रॉकेट बॉसवर (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागावर) वेल्डिंग करून बसवायची पद्धत सर्रास आहे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने दात्यांचा कडकपणा उतरतो आणि प्लेट थोडी तरी वाकते. कडेला डायल लावून फिरवलं की ते लगेच दिसतं.

दुकानात होणारी गल्लत

अर्धा इंची, एक इंची एवढं सांगून चेन मागू नका. एकाच पिचच्या दोन जाती बाजारात असतात, ब्रिटिश मापाची आणि अमेरिकन मापाची, आणि आयएसओ ६०६ या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्ही दिलेल्या आहेत. अर्ध्या इंचीत ०८ बीचा रोलर ८.५१ मि.मी., तर अमेरिकन ४० नंबरचा ७.९२. चाळीस नंबरसाठी कापलेल्या खाचेत ०८ बीचा रोलर तळाला बसत नाही. एक इंचीत रोलर सारखाच १५.८८ मि.मी., पण आतली रुंदी १६ बीची १७.०२ आणि ८० नंबरची १५.७५. म्हणून ८० नंबरची चेन १६ बीच्या स्प्रॉकेटवर बसतच नाही, आणि उलट केलं तर चेन दात्यावर आडवी हलत राहते. प्लेटवर नंबर छापलेला असतो, तो वाचा. पुसला असेल तर व्हर्निअरने पिच, रोलर आणि आतली रुंदी ही तिन्ही मापं लिहून न्या. मोटारसायकलची ४२८ चेन ०८ बीच्या स्प्रॉकेटवर बसते, हे आडवळणाच्या गावात कधी तरी उपयोगी पडतं.

बसवताना

चेनची लांबी लिंकांमध्ये काढायची. दोन शाफ्टमधल्या अंतराच्या दुपटीला पिचने भागा, त्यात दोन्ही स्प्रॉकेटच्या दात्यांच्या बेरजेचा निम्मा भाग मिळवा. दात्यांमध्ये फार फरक असेल तर थोडी दुरुस्ती लागते: दात्यांच्या फरकाला ६.२८ ने भागून वर्ग करा, पिचने गुणा आणि अंतराने भागा, तेही मिळवा. इथे अंतर ८२० मि.मी. होतं. ६४.५७, २५.५ आणि ०.२३ मिळून ९०.३ लिंका. सम संख्या म्हणून ९० घेतल्या आणि गिअरबॉक्स स्लॉटमध्ये ४ मि.मी. जवळ घेतला. अंतर पिचच्या ३० ते ५० पट असावं, इथे ३२ पट आलं.

विषम लिंका आल्या की लोक हाफ लिंक घालून मोकळे होतात. हाफ लिंकची वाकडी प्लेट हा चेनमधला सगळ्यांत कच्चा भाग असतो. तुमची चेन दर वेळी त्याच ठिकाणी तुटत असेल तर तिथे हाफ लिंक आहे का बघा. शाफ्ट थोडा सरकवा किंवा आयडलर (चेनचा झोळ घेणारं मोकळं चाक) लावा, पण हाफ लिंक टाळा. चेन लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला ठेवा.

रेष बघायला लांब सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा दोन्ही स्प्रॉकेटच्या एकाच बाजूला लावा, चारही ठिकाणी टेकला पाहिजे. त्याआधी शाफ्ट एकमेकांना समांतर आहेत का ते दोन्ही टोकांना मोजून घ्या. शाफ्ट तिरके असताना स्प्रॉकेट सरळ करण्यात अर्थ नाही.

झोळ शाफ्टमधल्या अंतराच्या २ ते ४ टक्के ठेवा. ८२० मि.मी.ला सैल बाजू मध्यावर १६ ते ३३ मि.मी. वरखाली हलली पाहिजे. अडकलेलं चिपाड काढायला मशीन उलटं फिरवायची सवय असेल तर १६ च्या जवळ ठेवा, कारण उलट फिरताना सैल बाजू घट्ट होते आणि जास्त झोळ असला की तिथेच चेन उडते. चेन उडते म्हणून टेन्शनर सतारीच्या तारेसारखा आवळणं मात्र चुकीचं आहे. त्याने पिनांवर आणि बेअरिंगवर फुकटची ओढ चढते.

तेल

वरून थापलेलं ग्रीस पिनपर्यंत जात नाही, ते फक्त भुसा आणि वाळू धरून ठेवतं. आपल्या हवेला एसएई ३० किंवा ४० चं साधं तेल पुरतं. ते खालच्या सैल बाजूवर, आतून, आतल्या आणि बाहेरच्या प्लेटच्या मधल्या फटीत सोडा. तिथूनच ते पिनकडे शिरतं. हे करताना मशीन बंद आणि मोटारचा मेन स्विच ओढलेला हवा. छत्तीस आरपीएम संथ दिसतात, पण ४०० किलोंच्या ओढीपुढे बोट राहत नाही. त्याच कारणाने गार्ड काढून मशीन चालवू नका. रस किंवा गूळ जवळ असेल तर चेनखाली ट्रे लावा, तेलाचा एक थेंबही रसात जाता कामा नये.

फौंड्रीत वाळू उडत असेल तर तेल आणि वाळू मिळून घासायची पेस्ट होते. तिथे बंद गार्ड हाच खरा उपाय आहे, तेल त्यानंतर.

एक गोष्ट अजून राहिली. चेन आणि स्प्रॉकेट मजबूत केले की अडकल्यावर तुटायचं ते आता गिअरबॉक्समध्ये तुटेल. १ एचपीसाठी घेतलेल्या गिअरबॉक्सला २ एचपी झेपते का ते त्याच्या नेमप्लेटवर वाचा. झेपत नसेल तर गिअरबॉक्स मोठा घ्या किंवा मोटार परत लहान करा. झेपत असलं तरी कन्व्हेयरच्या शाफ्टवर मोठ्या स्प्रॉकेटला शिअर पिन ठेवा: स्प्रॉकेट बॉसवर मोकळं फिरेल असं बसवायचं आणि दोघांना हिशेबाने निवडलेल्या एका मऊ पिनने जोडायचं. अडकलं की पिन कापली जाते, दहा मिनिटांत दुसरी घालता येते. या गुऱ्हाळावर पिनांची एक पुडी गार्डच्या आत तारेने बांधून ठेवली आहे. तिच्यात बोल्टचे तुकडे घालायला मनाई केली आहे, कारण हाय टेन्साइल बोल्ट घातला की तो पिनसारखा कापला जात नाही आणि सगळा झटका पुन्हा गिअरबॉक्सवर जातो.

हंगाम संपला की चेन काढून डिझेलमध्ये धुवा, कोरडी करा, तेलात रात्रभर बुडवून मग निथळायला टांगा. आपल्याकडचा पावसाळा आणि प्लेटांमध्ये वाळलेला उसाचा रस मिळून सांधे असे गंजतात की दसऱ्याला पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा निम्म्या लिंका वळतच नाहीत. न वळणारी एक लिंकसुद्धा छोट्या स्प्रॉकेटवर आली की उडी मारते. म्हणून चेन परत बसवण्याआधी हातात धरून एक-एक लिंक वळवून बघा.